अंतिम सामना आणि भांडाराचे कुलूप

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
बस आगार व कार्यशाळा.

अर्जदार : सहायक भांडारपाल, सुटे भाग भांडार.
राहणार : आगारामागील कर्मचारी वसाहत, तळमजला.

विषय : येत्या रविवारी सकाळी होणाऱ्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी मला साठा मोजणीच्या नावाखाली भांडारात कुलूपबंद न करण्याबाबत.

संदर्भ : १) साठा मोजणीबाबत आपल्या सहीने निघालेले या हंगामातील सर्व आदेश.
२) उत्कृष्ट मोजणीबद्दल मला मिळालेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

विषय वाचून आपण हा अर्ज बाजूला ठेवाल अशी मला भीती आहे. तसे न करता तो शेवटपर्यंत वाचावा, कारण अर्जाचा शेवट त्याच्या सुरुवातीसारखा राहिलेला नाही. विषय खोडून नवा लिहावा असे मनात आले होते, पण खाडाखोड केलेला अर्ज आवक कक्षात घेत नाहीत.

१. मी आपल्या आगारात सहायक भांडारपाल आहे. वायसरपासून गिअरबॉक्सपर्यंत बसला जे लागते ते माझ्या हातून जाते. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. फुटबॉल हा एकच नाद, आणि तोही वडिलोपार्जित आहे.

२. माझे वडील बोटीवर सुतार होते. तरुणपणी त्यांची बोट दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात इंजिन बिघडून अडकली आणि सुटा भाग येईपर्यंत कित्येक महिने तिथेच पडून राहिली. सुटा भाग वेळेवर न मिळाल्याने माणसाचे काय होते, हे आमच्या घराइतके कोणाला ठाऊक नसेल. त्या बंदरात एक क्लब आहे. कोळसा चढवणाऱ्या हमालांनी तो काढला म्हणून तिकडची माणसे त्याला 'कोळसेवाले' म्हणतात. वडील परत आले ते कोळसेवाल्यांचे होऊनच. आई गमतीने म्हणायची, तिकडे दुसरा संसार थाटला असता तरी परवडले असते, त्यात निदान अधूनमधून जिंकता तरी आले असते.

कारण कोळसेवाले जिंकत नाहीत. त्या खंडातल्या देशोदेशींच्या निवडक क्लबांची दरवर्षी एक मोठी स्पर्धा होते. आमच्या क्लबाला तिचे दारच क्वचित उघडते, आणि उघडले तरी पहिल्या गटातच गाशा गुंडाळावा लागतो. वडिलांनी उभ्या आयुष्यात त्यांना अंतिम सामन्यात पाहिलेले नाही. यंदा ते अंतिम सामन्यात आहेत. माझ्या अर्जाचे सगळे दुखणे त्या एका वाक्यात आहे.

३. वडिलांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. त्यांना कडा दिसतात, मधले दिसत नाही. म्हणजे टीव्हीवर मैदानाच्या चारही बाजूंच्या रेषा दिसतात, प्रेक्षक दिसतात, पण नेमका चेंडू दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे की उरलेली नजर पुढच्या हंगामापर्यंत टिकेल असे धरून चालू नका. म्हणून गेली काही वर्षे सामन्याच्या वेळी मी त्यांच्या उजव्या बाजूला बसतो आणि हलक्या आवाजात सांगत राहतो : डावीकडून वर निघाला, एकाला चकवले, आता मधे दिला, थांबला. ते मान हलवतात. कधी कधी माझ्या आधी त्यांनाच कळते. प्रेक्षकांच्या हातांकडे बघून ते म्हणतात, "गेला रे बाहेर." आणि चेंडू बाहेर गेलेला असतो.

४. आता जे घडले त्याला मीच जबाबदार आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ही स्पर्धा दाखवणारी वाहिनी आमच्या घरच्या टीव्हीवर येत नाही, आपल्या आगाराच्या कँटीनमध्ये येते. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्या वेळी सगळ्या बसगाड्या मार्गावर गेलेल्या असतात आणि पहिली बिघडलेली गाडी परत येईपर्यंत कार्यशाळेत कोणालाच काम नसते. हंगामाच्या सुरुवातीला मी वडिलांना हाताला धरून कँटीनमध्ये आणू लागलो. मग हेड मेकॅनिक विचारू लागले की हे काळ्या शर्टातले कोण. मग टायरवाले आले, वेल्डर आले, तिकीट कॅशियर आले. मी प्रत्येकाला बसवून समजावून सांगितले. पहिल्या गटानंतर बाद फेरी कशी असते, प्रत्येक जोडीचे दोन सामने कसे होतात, एक आपल्या मैदानावर आणि एक त्यांच्या, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल कसा लागतो. महिन्याभरात अख्खे आगार कोळसेवाल्यांचे झाले. वेल्डरने वेल्डिंगच्या जुन्या पत्र्याची ढाल करून त्यावर क्लबाचे चिन्ह कोरले, ते आपण कँटीनच्या भिंतीवर पाहिले असेलच.

५. बाद फेरीच्या पहिल्या जोडीत आम्ही आमच्या मैदानावर दोन गोलांनी हरलो. दुसरा सामना परक्या मैदानावर होता, म्हणजे आशा सोडूनच द्यायची. योगायोगाने त्याच सकाळी माझी साठा मोजणी होती. आपल्याकडची पद्धत आपणांस माहीत आहे. पूर्वी मोजणी चालू असताना लोक "एकच बेल्ट द्या हो" म्हणून यायचे आणि हिशेब चुकायचा. तेव्हापासून मोजणी करणारा आत, मोबाइल बाहेर जमा, दाराला बाहेरून कुलूप, कुलपावर सहीची कागदी पट्टी आणि किल्ली हेड मेकॅनिककडे, असा नियम आहे. मी घाईने मोजणी उरकली आणि दार वाजवले. हेड मेकॅनिक किल्ली खिशात घालून कँटीनमध्ये जाऊन बसले होते आणि मला साफ विसरले होते. मी दार बडवत राहिलो. भांडाराला खिडकी नाही. सामना संपल्यावर दार उघडले तेव्हा ते रडत होते आणि हसत होते. कोळसेवाल्यांनी तीन गोल केले होते.

"भाऊ, तुम्ही आत होतात म्हणून झालं," असे ते म्हणाले. मी ते थट्टेवारी नेले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढेच. पण ते थट्टा करत नव्हते.

६. पुढच्या जोडीच्या दोन्ही सामन्यांना मोजणीचे आदेश निघाले. मोजणीची मागणी हेड मेकॅनिककडून आली, शिफारस कॅशियरनी केली आणि सही आपली आहे. दोन्ही वेळा मी आत होतो, दोन्ही वेळा कोळसेवाले जिंकले. मी विरोध केला नाही असे नाही. आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे, असे मी कँटीनमध्ये सर्वांच्या निदर्शनास आणले. त्यावर टायरवाले म्हणाले, "आग लागली तर हाक मारा. फक्त पेनल्टी चालू असताना मारू नका." एकदा मी आजारपणाची रजा टाकून घरी थांबलो, तर वेल्डरची बायको आदल्या संध्याकाळीच आमच्या घरी येऊन गेली होती. सकाळी पत्नीने माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "अहो, जा ना. एवढी माणसं आशेनं बसलीत." मला ताप होता. म्हणजे खरोखरच होता.

७. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्याला मी हटून बसलो. मी विज्ञान शाखेत शिकलेला माणूस आहे. मी कुठे बसलो आहे हे समुद्रापलीकडच्या चेंडूला कळत नाही, असे मी सर्वांसमोर उभे राहून सांगितले. मी वडिलांच्या उजव्या बाजूला बसलो. सुरुवातीलाच आमच्यावर गोल झाला. कॅशियरनी चहाचा कप खाली ठेवला, एवढेच. थोड्या वेळाने दुसरा झाला. मी वडिलांना सांगत होतो, पण माझे डोळे भांडाराच्या भिंतीकडे जात होते. मध्यंतरात मी उठलो, हेड मेकॅनिकसमोर जाऊन उभा राहिलो आणि त्यांनी किल्ली काढली. उत्तरार्धात कोळसेवाल्यांनी दोन गोल फेडले.

महोदय, मला कोणी ओढत नेले नव्हते. मी माझ्या पायांनी चालत गेलो. तेव्हापासून माझी अवस्था धरले तर चावते, सोडले तर पळते अशी झाली आहे.

८. आतली परिस्थिती आपल्या माहितीसाठी लिहितो. भांडारात एक स्टूल आहे, एक टेबल आहे आणि छतापर्यंत फडताळे आहेत. ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास येतो. पलीकडच्या भिंतीला लागून कँटीन आहे. सुरुवातीला मला भिंतीतून नुसता गलका ऐकू यायचा. आता मला तो वाचता येतो. टेबलांवर ग्लास आपटले की आमचा कॉर्नर. वेल्डरची शिट्टी आली की कोणाला तरी पाडले. सगळे एकदम उठले की बाकड्यांचा एक घसरल्यासारखा आवाज येतो, त्यानंतर ओरडा आला तर गोल, न आला तर वाचलो किंवा हुकलो. आणि शांतता दोन प्रकारची असते. एक भीतीची, ती पातळ असते. दुसरी गोल खाल्ल्यानंतरची. त्या दुसऱ्या शांततेत मला माझ्या वडिलांचा खोकला ओळखू येतो.

तिथे बसून मी काय करणार? मोजतो. ब्रेक लायनर, फॅन बेल्ट, ऑइल सील, वायसर. या हंगामात आपल्या भांडाराची जेवढी मोजणी झाली तेवढी कुठल्या खजिन्याचीही झाली नसेल. त्यात एकही वायसर कमी निघालेला नाही, जास्तही निघालेला नाही. त्याबद्दल आपण मला सर्वांसमोर प्रशस्तिपत्र दिलेत. टाळ्या सगळ्यात जोरात हेड मेकॅनिक वाजवत होते. ते प्रशस्तिपत्र मी घरी भिंतीवर लावलेले नाही, याचे कारण आता आपल्या लक्षात येईल.

आपल्यावर माझा रोष नाही, हेही स्पष्ट करतो. आदेशांवर सही करताना आपणांस यातले काही माहीत नव्हते असेच मी धरून चाललो होतो. मात्र उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात आपण कँटीनच्या दारात चहा घेत उभे होतात आणि "भांडार बंद आहे ना नीट?" असे विचारलेत, असे मला नंतर समजले. दाद कोणाकडे मागावी हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुढे उभा राहिला. तरी नियमानुसार अर्ज आपल्याकडेच करावा लागतो, म्हणून करत आहे.

९. खरे सांगायचे तर या सगळ्यांचा मला राग येतो तो येतोच, पण तो थोडा वेळ टिकतो. जे टिकून राहते ते दुसरेच आहे. मी आत असतो तेव्हा वडिलांना सामना कॅशियर सांगतात. ते मनाने चांगले आहेत. पण ते फक्त गोल झाला की सांगतात आणि मधला सगळा वेळ स्वतः बघत राहतात. एकदा ऑफसाइडचा गोल त्यांनी खरा म्हणून सांगितला. वडील उठून नाचले आणि मग त्यांना कोणीतरी खाली बसवले. हे मला दुसऱ्यांकडून कळले. वडिलांनी सांगितले नाही.

आणि उपांत्य फेरीचा दुसरा सामना जिंकून आम्ही घरी आलो तेव्हा वडील पलंगावर बसून पायांनी चपला शोधत होते. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला विचारले, "तू आतच होतास ना रे आज?" मी म्हणालो, हो बाबा. ते म्हणाले, "शाबास." त्या शाबासकीने मला जेवढे कोंडल्यासारखे झाले, तेवढे कुलपाने कधी झाले नव्हते.

१०. सबब माझी विनंती अशी की अंतिम सामन्याच्या वेळी मला कँटीनमध्ये वडिलांशेजारी बसण्याचा आपण लेखी आदेश द्यावा. परवानगी नको, आदेशच हवा. परवानगी घेऊन मी बाहेर बसलो आणि कोळसेवाले हरले, तर मला या आगारात, वसाहतीत आणि घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लोकांचे सोडा, मीच स्वतःला माफ करणार नाही, कारण एवढे सगळे पटवून सांगितल्यानंतरही माझ्या पोटात कुठेतरी मी ते मानतो. पण लेखी आदेश असला तर मी हुकमाचा ताबेदार. मग हार झाली तर ती कार्यालयाच्या माथी जाईल. कार्यालयाला अशी सवय असते. मला नाही.

येथपर्यंतचा अर्ज मी काल लिहून ठेवला होता. आज सकाळी तो देण्याआधी वडिलांना वाचून दाखवला, कारण त्यांच्या डोळ्यांविषयी त्यांना न विचारता लिहिणे मला बरे वाटेना. खालील मजकूर त्यानंतरचा आहे आणि तोच अंतिम समजावा.

वडिलांनी सगळा अर्ज ऐकून घेतला. मी थांबलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न असा विचारला की भांडारात खुर्च्या किती आहेत. मी म्हणालो, एक स्टूल आहे. ते म्हणाले, "मग दुसरी मागून घे."

मला वाटले त्यांना अर्ज नीट समजला नाही. मी म्हणालो, बाबा, आत टीव्ही नाही, काही दिसत नाही. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी या वयात पहिल्यांदाच ऐकले. लहानपणापासून ते आम्हाला त्यांच्या पहिल्या सामन्याची गोष्ट सांगत आले आहेत. काळे शर्ट, पाऊस, शेवटी झालेला गोल. तो सामना त्यांनी पाहिलाच नव्हता. अडकलेल्या बोटीवरच्या सुताराला आत कोण सोडणार? स्टेडियमच्या भिंतीबाहेर कोळशाचा ढीग होता, त्यावर ते बसले होते. शेजारी तिथला एक म्हातारा हमाल बसला होता. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आत गलका झाला की तो हमाल हातांनी हवेत चेंडू काढून दाखवायचा. इकडून तिकडे, वर, खाली, आणि मग दोन्ही मुठी. "सगळा सामना मी त्याच्या हातात पाहिला," असे वडील म्हणाले. "मला आत काय चाललंय ते दिसतच नव्हतं. तेव्हाही नाही आणि आताही नाही. पण तेव्हा शेजारी कोणीतरी होतं रे. कॅशियर बिचारा बघतो, सांगत नाही."

मी विचारले, मग शाबास का म्हणालात? ते म्हणाले, "जिंकले म्हणून म्हणालो. मलाही वाटतं ना, जिंकावेत. तू आत राहा. मीही येतो."

तरी महोदय, वर १० मध्ये केलेली विनंती मी मागे घेत आहे आणि त्याऐवजी खालीलप्रमाणे विनंती करीत आहे.

रविवारी मला नेहमीप्रमाणे भांडारात कुलूपबंद करावे. मोजणीच्या वेळी बाहेरच्या व्यक्तीस भांडारात प्रवेश नाही, असा नियम आहे. तो त्या एका सकाळपुरता शिथिल करून माझ्या वडिलांना माझ्यासोबत आत बसू द्यावे. कार्यालयातील एक पाठ असलेली खुर्ची द्यावी, त्यांना स्टुलावर बसवत नाही. खुर्ची भिंतीच्या बाजूला, स्टुलाच्या डावीकडे ठेवावी. कुलूप, कागदी पट्टी, किल्ली हे सगळे नियमाप्रमाणे व्हावे, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहायला नको. ते आत आल्याने गुण जाईल काय, असे हेड मेकॅनिक विचारतील. त्यांना सांगावे की ज्यांच्यापासून हा नाद सुरू झाला तेच आत आहेत, यापुढे आमच्याकडे काही शिल्लक नाही.

कँटीनमधल्या मंडळींना माझ्या वतीने एवढेच कळवावे की त्यांनी रविवारी मोकळेपणाने ओरडावे. ग्लास आपटावेत, शिट्ट्या माराव्यात. गोल खाल्ला म्हणून आमच्याखातर गप्प बसू नये, आणि गोल झाला तर बाकडी जोरात सरकवावीत. भिंत जाड आहे, आणि मला ते सगळे हातांनी दाखवायचे आहे. वडिलांना कडेचे दिसते, त्यामुळे हात जरा बाजूला धरावे लागतील. मी आज दुपारी पत्नीसमोर सराव करून पाहिला. तिला काही कळले नाही, पण ती हसली.

आणखी एक. सामना संपल्यावर निकाल काहीही लागो, दार लगेच उघडू नये. निकाल सांगायला कोणी धावत येऊ नये. तो आम्हाला कळलेला असेल. थोडा वेळ जाऊ द्यावा आणि आतून मी दार वाजवले की मगच किल्ली लावावी.

रविवारी प्रत्यक्ष मोजणी होणार नाही. वायसरांसह सर्व साठा मी शनिवारीच मोजून ठेवीन आणि तो बरोबर भरेल, याची खात्री असावी.

कळावे, दार आपल्या हाती आहे.

आपला नम्र व तूर्त बाहेर असलेला,
सहायक भांडारपाल,
सुटे भाग भांडार.

दिनांक : अंतिम सामन्याआधीचा शुक्रवार.

सोबत :
१) प्रशस्तिपत्राची प्रत. (मूळ प्रत हवी असल्यास तीही देता येईल.)
२) वडिलांच्या डोळ्यांबाबत डॉक्टरांचा दाखला.
३) कुलूपबंद खोलीत स्वखुशीने बसत असल्याचे वडिलांचे संमतिपत्र. त्यावरील सही रेषेवर नाही, समासात आहे. तिथले त्यांना दिसते. ती ग्राह्य धरावी.